फोटोबुक काढायचंय: करिझ्मा, ऑफसेट की हातशिलाई?

मालवणची रापण (किनाऱ्यावरून दोराने ओढायचं मोठं जाळं), हर्णैचा मासळी लिलाव, राजापूरच्या सड्यावरची कातळशिल्पं. विषय कुठलाही असो, फोटो निवडून झाले की लोक थेट छपाईचे दर विचारत सुटतात. त्याआधी, पुस्तक खरोखर किती जणांच्या हातात जाणार आहे ते ठरवा.

करिझ्मा म्हणजे लग्नाचा अल्बम. पानं पुठ्ठ्यासारखी जाड असतात आणि सपाट उघडतात, त्यामुळे दोन पानांवर पसरलेली समुद्राची रेघ मध्ये तुटत नाही. एकच प्रतही मिळते. पण उघडल्यावर 12 बाय 36 इंचांचं होणारं ते धूड कोणाला पोस्टाने पाठवणार? शिवाय बघणारा त्यात सवयीने नवरा-नवरीच शोधतो. घरात एक प्रत हवी असेल तरच या वाटेला जा.

ऑफसेट म्हणजे छापखान्यातली प्लेटांवरची छपाई. तिच्यात प्लेटा आणि मशीन लावण्याचा खर्च 50 प्रतींना तेवढाच, 1000 प्रतींनाही तेवढाच. म्हणून पाचेकशे प्रतींखाली हिशोब सहसा जुळत नाही. प्रत स्वस्त पडते, पण गठ्ठे घरी येतात आणि मग पावसाळा येतो. आर्ट पेपर ओलावला की पानं एकमेकांना चिकटतात, सोडवताना चित्राचा थरच निघून येतो. उरलेलं कसर आणि वाळवी बघून घेते. गिऱ्हाईक आधीच ठरलेलं असेल तर ऑफसेटसारखं दुसरं काही नाही. नसेल तर मी तरी करू देणार नाही.

पहिल्या पुस्तकासाठी माझं मत सरळ तिसऱ्या पर्यायाला: डिजिटल छपाई, हाताने बांधणी, वीस-तीस प्रती. पानं चारच्या पटीत ठेवा. सेंटर पिन, म्हणजे मधल्या घडीत मारलेली तारेची पिन, स्वस्त असते, पण खाऱ्या हवेत गंजते आणि मधल्या पानावर तांबूस डाग पाडते. त्यापेक्षा दोऱ्याने शिवा. परफेक्ट बाइंडिंग, म्हणजे पाठीला गोंदाने चिकटवलेली बांधणी, पूर्ण उघडत नाही, तेव्हा चेहरा किंवा होडी मधल्या घडीत येऊ देऊ नका. मॅपलिथोवर, म्हणजे साध्या, चकाकी नसलेल्या कागदावर, काळा रंग थोडा फिका उतरतो आणि पावसाळी करडे रंग मरगळतात. म्हणून प्रूफ, म्हणजे नमुना छाप, त्याच कागदावर काढून घ्या.

रापणीसाठी मात्र मी लांब घडीचं पुस्तक करेन. वाळूवर ओढला जाणारा दोर पहिल्या घडीपासून शेवटच्या घडीपर्यंत सलग नेता येतो, आणि उभं केलं की तेच प्रदर्शन. छायाचित्रकार दयानिता सिंग यांनी 2008 मध्ये अशी सात छोटी घडीपुस्तकं एका पेटीत घालून काढली होती. घडी कागदाच्या ग्रेनच्या, म्हणजे त्यातल्या तंतूंच्या, दिशेनेच घाला, नाहीतर कडेला रंग तडकतो. थोड्या प्रतींत कमीपणा नाही: इंग्लंडच्या ॲना ॲटकिन्स यांनी 1843 पासून समुद्रशेवाळाच्या निळ्या फोटो-छापांचं पुस्तक हप्त्याहप्त्याने हाताने केलं, मजकूरही हस्ताक्षरातला, आणि ओळखीच्यांना वाटलं. फोटोंचं पहिलं पुस्तक म्हणून आज त्याचंच नाव घेतात.

वाटताना एक प्रत रत्नागिरीच्या नगर वाचनालयाला द्या. 1828 पासूनची संस्था आहे, तिथे पुस्तक चाळलं जाईल. एक ज्यांचे फोटो काढले त्या रापणकरांना. दुकानातून विकायचं असेल तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, घ्या, केंद्र सरकारची राजा राममोहन रॉय एजन्सी तो फुकट देते. वीस प्रतींसाठी त्यात पडू नका. आणि बांधणीचं काम दसऱ्यानंतर काढा, कागद तेव्हा कोरडा असतो.