डबल कार्डनचे पैसे घेतले, गाडीखाली जुनाच शाफ्ट

१,२०,८०० रुपये. जिप्सी उंच करून घ्यायला गेलेला आकडा आधीच सांगून टाकतो. घरी अजून ऐंशी हजारच सांगितलाय, कुठेतरी खरा बोलायला हवा.

जिप्सी उंच करायची भानगड वाचणाऱ्या बहुतेकांना माहीत असेल. हौसिंगखालचे, म्हणजे चाकांच्या आसाखालचे, पाटे हौसिंगच्या वर घ्यायचे, पाचेक इंच उंची मिळते, मोठे टायर बसतात, फोटो झकास येतात. खरं काम त्यानंतरचं. गाडी वर जाते तसा इंजिनाची ताकद चाकांकडे नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टचा उतार वाढतो, स्टिअरिंगच्या पिटमन आर्मपासून निघून चाकं वळवणारी ड्रॅग लिंकही तिरकी होते. हे दोन कोन जागेवर आणता आले नाहीत तर तो नुसता वेल्डिंगवाला. मला हे ठाऊक होतं, म्हणूनच मी स्वस्तातल्या माणसाकडे गेलो नाही. "स्वस्ताच्या नादाला लागलास" असं मला कोणी म्हणू नये.

हायवेलगतचं गॅरेज. माणूस बोलायला एक नंबर. पिनियन अँगल, कॅस्टर, बंप स्टिअर, एकही शब्द चुकला नाही. "सर, लिफ्ट कोणीपण करतो, आपण जॉमेट्री करतो." कोटेशन व्हॉट्सॲपवर आलं: पाटे वर घेणं वेल्डिंगसकट ३२,०००, मागचा डबल कार्डन शाफ्ट (एका टोकाला जोडसांधा असलेला) ४१,५००, ड्रॉप पिटमन आर्म आणि झेडसारखी वाकवलेली ड्रॅग लिंक १८,५००, पाचरी आणि शाफ्ट बॅलन्सिंग ६,८००, मजुरी २२,८००. एकूण १,२१,६००. साठ हजार ॲडव्हान्स यूपीआयने, तेही त्याच्या मेहुण्याच्या नावावर, "आपलं खातं लिमिटला आलंय सर". मधे शाफ्टचा फोटो पाठवला. चकचकीत, त्यावर पांढऱ्या खडूने ३७ लिहिलेलं. मी तो मित्रांना पुढे पाठवला, अभिमानाने.

आता ती वेळ, जिचा विचार करून अजून झोप उडते. गाडी घ्यायला गेलो तेव्हा पाऊस, अंधार. मी म्हटलं, जुना शाफ्ट, जुना पिटमन आर्म आणि लिंक गाडीत मागे ठेवून दे. तो म्हणाला, "सर, ते भंगारात गेलं. आठशे आले, तुमच्या बिलातून कमी करतो." आणि केले! १,२१,६०० चे १,२०,८०० झाले, उरलेले ६०,८०० मी रोख मोजले. भंगाराचे आठशे प्रामाणिकपणे परत करणारा माणूस चोर असेल असं कुणाला वाटेल? ते भंगार त्या क्षणी माझ्याच गाडीखाली लटकत होतं. माझाच माल त्याने मला आठशे रुपयांच्या सवलतीत विकला.

जुने पार्ट हातात आल्याशिवाय शेवटचा रुपया देऊ नका. गंजलेले असू देत, तुटलेले असू देत, घरी आणा.

परतताना पन्नास-साठच्या दरम्यान खालून घरघर. फोन केला. "नवीन पार्ट आहेत सर, पाचशे किलोमीटर चालवा, सेट होतील." लोखंडाचा कोन चालवून सेट होत नाही. हे वाक्य ऐकलंत की तिथेच गाडी वळवा. मी नाही वळवली, कारण पावती "नंतर पाठवतो" वर होती आणि संबंध बिघडवायचे नव्हते. पुढे खंबाटकीच्या उतारावर एका खड्ड्यात चाक गेलं आणि स्टिअरिंग आपोआप डावीकडे फिरलं. शेजारच्या लेनमध्ये ट्रक, शेजारच्या सीटवर बायको.

दुसऱ्या दिवशी आमच्या जुन्या मिस्त्रींनी गाडी पिटवर घेतली आणि रॉकेलचा बोळा फिरवला. काळा रंग निघाला, खालून जुनाच शाफ्ट. ड्रॅग लिंकवर ताम्हिणीत दगड लागल्याची खूण जशीच्या तशी. मिस्त्री म्हणाले, "साहेब, याला येत नाही असं नाही. येतं, म्हणून तर राग येतो." कारण मागचं पिनियन, म्हणजे हौसिंगला शाफ्ट जोडतो ते टोक, त्याने बरोबर वर वळवून वेल्ड केलं होतं, पण डबल कार्डनच्या हिशोबाने. त्या शाफ्टला पिनियन थेट ट्रान्स्फर केसकडे, म्हणजे शाफ्ट जिथून निघतो त्या पेटीकडे, बघणारं लागतं. साध्या दोन क्रॉसच्या (सांध्यांच्या) शाफ्टला उलट दोन्ही टोकांचे कोन सारखे लागतात, तेव्हाच एका क्रॉसचा हिसका दुसरा खातो. माझ्याकडे वरच्या क्रॉसला तीव्र कोन, खालच्याला जवळजवळ शून्य. त्यात शाफ्ट आखूड पडलेला, स्प्लाइन, म्हणजे एकमेकांत सरकणारे दाते, जेमतेम दोन बोटं अडकलेली. पुढचं हौसिंगही फिरवून ठेवलेलं, कॅस्टर, म्हणजे पुढच्या चाकांचा मागे झुकलेला कोन, गेला, म्हणून स्टिअरिंग सोडलं की सरळ येईना.

दुरुस्तीला आणखी ५७,३०० गेले. यात अगदी साधं नवं सामान आहे, डबल कार्डन नाही.

आता तक्रार. चौकीत साहेबांनी चॅट वरवर चाळले. "पैसे खुशीने दिलेत ना? काम थोडं तरी केलंय ना? मग ही दिवाणी बाब." न बसवलेल्या पार्टचे पैसे घेणं दिवाणी कसं? "अर्ज ठेवून जा." पोच मागितली तर शिक्का मारणारा रजेवर. मेहुण्याच्या खात्याचं काय? "तुम्हीच पाठवलेत ना." मग आरटीओ. तिथे तर मीच आरोपी! मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचून दाखवलं, मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते म्हणाले. नियम आहे, मान्य. पण उघड बोर्ड लावून रोज गाड्या उचलणाऱ्याला विचारायला कुणी जात नाही, माझीच गाडी आत घेऊ का म्हणतात. असल्या गॅरेजवाल्यांना हेच माहीत आहे की फसलेला माणूस बेकायदा बदलामुळे तोंड बंद ठेवेल. तोही तेच जाणून होता.

वकील म्हणतात, जिल्हा ग्राहक आयोगात जाता येईल, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षं. पण पावती कुठाय? माझ्याकडे चॅट, यूपीआयची नोंद आणि मिस्त्रींनी काढलेले फोटो आहेत. तेवढ्यावर लढणार.

काम सुरू होण्याआधी शाफ्ट आणि लिंकवर पंचने खूण करून घ्या, दिसणार नाही अशा जागी. नाव वेगळं असलेल्या खात्यावर एक पैसा टाकू नका. डिलिव्हरी उजेडात घ्या, गाडी पिटवर चढवायला लावा, आणि अँगल फाइंडर लावून दोन्ही कोन तुमच्यासमोर मोजायला सांगा. कुरकुरला तर समजा.

परवा एकाने त्याच माणसाचं कोटेशन मला दाखवलं. ५२,००० झालाय शाफ्ट. फोटो तोच, खडूचा ३७ सकट.