म्हापशातलं गॅरेज: फिटनेस संपलेल्या पिकअपसाठी उत्तम

पावसाळाभर उभ्या असलेल्या पिकअपची फिटनेस, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यालायक असल्याचा दाखला, संपली होती. मालवाहू गाडीला फिटनेस नसली तर कायद्याने तिची नोंदणीही वैध धरत नाहीत, म्हणून गॅरेजवाल्या मेस्ताने ती टो करूनच नेली. इंजिनाकडे त्याने नंतर पाहिलं. आधी चढावर हँडब्रेक ओढून बघितला, मग मागची रिफ्लेक्टर टेप नखाने खरवडली. "ही सुटतली, नवी लावया!" खाऱ्या हवेने गंजलेली चॅसी घासून रंगवली. परिवहन पोर्टलवरचा अर्ज त्याच्या पोराने भरला. मुदत उलटल्यावर दिवसाला ५० रुपये जादा पडतात, ते वेगळे. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीची फिटनेस दरवर्षी करावी लागते, हेही त्यानेच बजावलं. बिल अंमळ खणखणीत, पण पावती पक्की. गाडी पहिल्याच तपासणीत पास! शुक्रवारी मात्र जाऊ नका, बाजाराच्या गर्दीत अडकाल.