लेग प्रेसची चार मशीन: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

लेग प्रेसबद्दल, म्हणजे पायांनी वजन ढकलायच्या मशीनबद्दल, विचारणाऱ्या प्रत्येकाला मी आधी एकच सांगतो: एका मशीनवरचा आकडा दुसऱ्या मशीनवर नेऊ नका. मी नेला आणि दोन आठवडे कंबर धरून बसलो. आमच्या जिममध्ये तीन प्रकारची मशीन आहेत. चौथं, उभं मशीन, एका मित्राच्या जिममध्ये वापरून पाहिलं. आठवड्यातून दोनदा, असे नऊ महिने झाले.

सुरुवात पिनच्या मशीनवर केली. बसायचं, पाय समोरच्या प्लेटवर टेकवायचे, वजनांच्या चळतीत पिन खोचायची आणि ढकलायचं. काहींमध्ये प्लेट पुढे सरकते, काहींमध्ये प्लेट जागच्या जागी राहते आणि आपल्यासकट सीट मागे जाते. आमचं दुसऱ्या प्रकारचं आहे. नवशिक्यांना मी हेच सुचवेन, कारण पाय थकून रेप (एकदा ढकलून परत आणणं) अर्ध्यावर राहिला तरी वजन चळतीवर टेकतं, अंगावर येत नाही. फक्त सीट किती पुढे घेतली आहे याकडे लक्ष हवं. मी पहिला महिनाभर सीट फार मागे ठेवून गुडघे जेमतेम वाकवत होतो. वजन भराभर वाढत होतं, मांड्या होत्या तशाच. सीट दोन खाचा पुढे घेतल्यावर निम्म्या वजनातच पाय थरथरायला लागले. तेव्हापासून वहीत वजनाशेजारी खाचेचा नंबरही लिहितो.

मग 45 अंशांच्या तिरक्या मशीनवर गेलो. यात पाठ टेकून बसायचं आणि वजनाच्या प्लेट्स लावलेला स्लेज, म्हणजे सरकता गाडा, रुळांवरून वर ढकलायचा. पिनवर जेवढं वजन घेत होतो तेवढंच इथे लावलं, तर ते सहज गेलं. आनंद झाला, पण खरं कारण उताराचं होतं. 45 अंशांच्या उतारावर 100 किलो ढकलताना पायांवर साधारण 71 किलोंचाच भार येतो, घर्षण वेगळं. उलट बाजूने स्लेजचं स्वतःचं वजनही असतं, ते बऱ्याच मशीनवर 40-50 किलोंच्या घरात असतं आणि आपण ते मोजतच नाही. पिनच्या मशीनमध्ये तारा आणि पुली कशा फिरवल्या आहेत त्यावरही भार बदलतो. म्हणून प्रत्येक मशीनचा हिशोब वेगळा.

तिसऱ्या महिन्यात मी हा हिशोब विसरलो. वजन वाढवलं आणि गुडघे छातीला लागेपर्यंत स्लेज खाली आणू लागलो. बुटाची नाडी बांधायला वाकलो की कंबरेत खालच्या बाजूला चमक यायची. ट्रेनरने बाजूने मोबाइलवर व्हिडिओ काढून दाखवला. स्लेज खाली येताना शेवटच्या चार बोटांत माझी माकडहाडाकडची बाजू गादीवरून उचलली जात होती. शॉर्ट्स आणि गादी यांच्यामधली फट स्पष्ट दिसत होती. तिथे कंबर गोल होते आणि मांड्यांनी घ्यायचा भार मणक्यावर जातो.

मग वजन निम्मं केलं. पाठीचा टेका एक खाच मागे झुकवला, त्यामुळे खुब्यांना जागा मिळाली. पाय प्लेटवर थोडे वर ठेवले आणि बाजूचे हँडल वर ओढून स्वतःला गादीत दाबून धरायला शिकलो. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, माकडहाड उचललं जातं त्याच्या जरा आधी स्टॉपर (स्लेजला त्याखाली येऊ न देणारा अडथळा) लावला. किती खाली जायचं हे आता तो ठरवतो, माझा हट्ट नाही. प्लेट्स लावण्याआधी रिकामा स्लेज खाली आणून स्टॉपर तपासतो. आमच्या मशीनच्या स्टॉपरचं रबर पार झिजलं होतं, तीनदा सांगितल्यावर बदललं. ही तपासणी कुणावर सोपवू नका.

पायांच्या जागेबद्दल थोडक्यात: पाय खाली ठेवले तर मांडीच्या पुढच्या भागावर आणि गुडघ्यावर जास्त ताण येतो, वर ठेवले तर नितंबांवर आणि मांडीच्या मागच्या भागावर. टाच उचलली जात असेल तर पाय बहुधा फार खाली आहेत. वर ढकलल्यावर गुडघे खटकन सरळ करू नका, किंचित वाकलेलेच राहू द्या.

तिसरं मशीन दांडीचं, प्रत्येक पायाला वेगळी दांडी असलेलं. दांडी सरळ न जाता कमानीत फिरते, त्यामुळे भार वाटेत बदलतो. आमच्यावर सुरुवात जड आणि शेवट हलका लागतो. मला याने मोठी गोष्ट दाखवली. उजव्या पायाने 12 रेप्स झाले त्याच वजनात डावा 8 वर थांबला. एकत्र ढकलताना उजवा पाय डाव्याचं काम करत होता आणि मला पत्ताच नव्हता. तेव्हापासून आधी डावा, आणि तो जितके करेल तितकेच उजव्याने. साडेतीन महिन्यांत डावा 11 वर आला.

उभ्या मशीनवर पाठीवर झोपून वजन सरळ वर ढकलायचं असतं. इथे उताराची सवलत नाही, जेवढं लावाल तेवढं सगळं अंगावर. माकडहाडही लवकर उचललं जातं, आणि पाय घसरला तर वजन थेट खाली येतं. पाच-सहा वेळा वापरलं, दरवेळी मित्र शेजारी उभा होता. एकट्याने मी यावर झोपणार नाही.

सध्या मुख्य तीन सेट (सलग केलेल्या रेप्सचा एक गट म्हणजे सेट) तिरक्या मशीनवर, मग दांडीवर एकेक पाय, आणि पाय पूर्ण थकवायचा शेवटचा सेट पिनवर. महिन्यातून एकदा बाजूने व्हिडिओ काढतो आणि आधी गादीकडे बघतो.