चेक-इनच्या कागदावरची एक सही आणि 16,295 रुपये 80 पैसे

पंचतारांकित हॉटेलात कोणी खिसा कापत नाही. तिथे तुमच्याच सहीने पैसे जातात. दोन रात्रींच्या मुक्कामात 16,295 रुपये 80 पैसे नाहक गेले, शिवाय 20,000 रुपये 17 दिवस खात्यात असूनही वापरता आले नाहीत. हे सगळं एका कागदावरून घडलं, आणि तो कागद नीट वाचला नाही याची लाज अजून जात नाही.

बुकिंग हॉटेलच्या नाही, हॉटेलं बुक करून देणाऱ्या एका संकेतस्थळावरून केलं होतं. खोलीचा प्रकार ‘क्लब किंग’, दर रात्रीला 14,000, दोन रात्रींचे 28,000, त्यावर 18 टक्के जीएसटी 5,040, एकूण 33,040 रुपये आगाऊ भरलेले. क्लब मजल्याची खोली घेतली की लाउंजमधला नाश्ता, संध्याकाळचा चहा-फराळ आणि दुपारी चारपर्यंत खोली ठेवायची मुभा मिळते. व्हाउचरवर हे तिन्ही छापलेलं होतं. त्यासाठीच जास्त पैसे मोजले होते.

आता तो क्षण. रिसेप्शनवर रजिस्ट्रेशन कार्ड पुढे आलं. नाव, पत्ता, ओळखपत्राचा क्रमांक आधीच छापलेला, दोन ठिकाणी पेन्सिलीने फुली मारलेली, ‘सर, इथे आणि इथे’. वरच्या उजव्या कोपऱ्यात बारीक टायपात खोलीचा कोड होता, ‘डीएलके’. म्हणजे डीलक्स किंग, क्लबपेक्षा स्वस्त खोली. क्लबचा कोड वेगळा असतो. शेजारचा दराचा रकाना कोरा. कोरा रकाना बघून खटकलं होतं, पण त्याचं एक खरं कारण असतं. संकेतस्थळाला पैसे आधी दिलेले असले की हॉटेलला कमिशन वजा करून रक्कम मिळते, म्हणून बरीच हॉटेलं पाहुण्यापुढे दर छापत नाहीत. हे माहीत होतं, आणि या माहितीनेच घात केला. दर कोरा असण्याचं कारण मनातल्या मनात देऊन टाकलं आणि कोडकडे बघितलंच नाही. दर लपवायला कारण असेल, खोलीचा प्रकार बदलायला नसतं. व्हाउचर हातातल्या फोनमध्येच होतं. दोन ओळी जुळवायला दहा सेकंद लागली असती.

‘क्लबची खोली तयार नाही, तोवर या खोलीत बसा, संध्याकाळी बदलून देतो’ असं तोंडी सांगितलं होतं. थकलेला माणूस यावर विश्वास ठेवतो, त्यात मूर्खपणा नाही. पण खोली तात्पुरती असेल तर ‘क्लब किंग देय, तात्पुरती डीलक्स’ एवढं कार्डावर हाताने लिहून घ्या आणि खाली ड्युटी मॅनेजरची सही घ्या. लिहायला तयार नसतील तर खोली बदलणार नाही हे तिथेच ओळखा.

दुसरी फुली होती ती कलमाखाली: मुक्कामातली आणि नंतर उघडकीस येणारी सर्व देणी कार्डवरून वसूल करायला संमती. त्यासोबत 20,000 रुपयांचा प्री-ऑथ, म्हणजे रक्कम कापायची नाही, नुसती अडकवून ठेवायची. ‘डेबिट कार्डही चालेल’ म्हणाले, आणि तेच दिलं. त्यांना चालतं हो! क्रेडिट कार्डवर अडकते ती मर्यादा, डेबिट कार्डवर अडकतो तो तुमचा घरखर्च. डिपॉझिटसाठी डेबिट कार्ड कधीही देऊ नका.

सेवेबद्दल फार लिहीत नाही. गरम पाणी यायला वीस मिनिटं, खोली साफ व्हायला संध्याकाळचे पाच, टॉवेलसाठी तीन फोन. महत्त्वाचं एवढंच की या तक्रारी इंटरकॉमवर केल्या. फोनचा पुरावा राहत नाही. हॉटेलच्या ईमेलवर दोन ओळी टाकल्या असत्या तर तारीख-वेळेसकट कागद तयार झाला असता. खोली बदलून द्या ही मागणीही प्रत्येक वेळी तोंडीच झाली.

बिल निघताना हातात आलं. खोलीत मागवलेल्या जेवणाचे 4,600, त्यावर 10 टक्के सर्व्हिस चार्ज 460, आणि या 5,060 वर 18 टक्के जीएसटी 910.80. म्हणजे सर्व्हिस चार्ज तर लावलाच, वर त्यावर करही घेतला. या एका ओळीत 542 रुपये 80 पैसे गेले. मिनीबारचे 850 आणि कर 153, एकूण 1,003. त्यातलं काहीही उघडलेलं नव्हतं. औषधाची बाटली थंड ठेवायला दोन वस्तू बाजूला सरकवल्या होत्या. काही मिनीबारच्या ट्रेमध्ये सेन्सर असतो, वस्तू जागेवरून ठराविक वेळ हलली की ती बिलात चढते. म्हणून आल्या आल्या मिनीबार कुलूपबंद करायला सांगा, नाहीतर हात लावू नका आणि दार उघडून एक फोटो काढून ठेवा.

शेवटची ओळ उशिरा खोली सोडल्याची, 3,500 अधिक 630, म्हणजे 4,130. क्लबच्या पाहुण्याला ही मुभा फुकट होती. पण कागदावर पाहुणा डीलक्सचा होता! तो तीन अक्षरी कोड इथे येऊन वसूल झाला. आणि खोलीचा फरक वेगळाच: त्याच तारखांना डीलक्सचा दर 9,500, म्हणजे रात्रीला 4,500 जास्त, दोन रात्रींचे 9,000, करासह 10,620. हॉटेल म्हणतं पैसे संकेतस्थळाने घेतले, तिकडे विचारा. संकेतस्थळ म्हणतं पाहुण्याने खोली स्वीकारल्याची सही हॉटेलने पाठवली आहे.

सर्व्हिस चार्जबद्दल नियम स्पष्ट आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या: हॉटेल किंवा रेस्टॉरंटने बिलात आपोआप सर्व्हिस चार्ज लावायचा नाही, दुसऱ्या नावाने घ्यायचा नाही, आणि तो बिलात मिळवून एकूण रकमेवर जीएसटी आकारायचा नाही. या सूचनांना सुरुवातीला स्थगिती मिळाली होती, पण 28 मार्च 2025 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने त्या कायम ठेवल्या. काउंटरवर हे सांगितल्यावर उत्तर मिळालं, ‘सिस्टिममधून निघत नाही.’ निघतो. कॅशियर ती ओळ रद्द करून सुधारित बिल काढू शकतो, फक्त मॅनेजरची मंजुरी लागते. गाडीची वेळ झालेली असते हे त्यांना माहीत असतं. म्हणून कच्चं बिल आदल्या रात्रीच मागा. भांडायला वेळ असतो तेव्हा भांडा.

पाण्याच्या बाटलीवर छापील किमतीपेक्षा जास्त घेतले म्हणून मात्र वाद घालू नका. हॉटेल-रेस्टॉरंटना तशी मुभा आहे असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर 2017 चा निकाल आहे. त्यात ताकद घालवली की बाकीच्या खऱ्या मुद्द्यांवर तुम्ही कटकटे ठरता.

बिल 11,103.80, पूर्णांक करून 11,104. इथे आणखी एक खोडी झाली. अडकवलेल्या 20,000 मधूनच 11,104 वळते करून उरलेले सोडायला हवे होते. त्याला प्री-ऑथ कम्प्लिशन म्हणतात आणि तो जुन्याच ॲप्रूव्हल कोडवर, म्हणजे रक्कम अडकवताना बँकेने दिलेल्या मंजुरी क्रमांकावर होतो. कॅशियरने तसं न करता मशीनवर नवीन विक्री मारली. परिणाम, 11,104 गेले आणि 20,000 तसेच अडकलेले. एकूण 31,104 रुपये हाताबाहेर. स्लिपवर ‘सेल’ छापलंय की ‘कम्प्लिशन’ हे तिथेच बघा, आणि सेल असेल तर जुना प्री-ऑथ रद्द केल्याची स्लिप घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.

पुढचे 17 दिवस! बँक म्हणते व्यापाऱ्याने सोडायला हवं. हॉटेलचा हिशेब विभाग म्हणतो आम्ही सोडलं, बँकेला विचारा. बँक त्यावर हॉटेलचं पत्र मागते, ॲप्रूव्हल कोड, रक्कम, तारीख, कार्डाचे शेवटचे चार अंक आणि सही-शिक्क्यासह. हॉटेल म्हणतं असं पत्र आम्ही पाहुण्याला देत नाही, बँकेने मागावं. बँकेच्या प्रत्येक फोनला नवीन माणूस, प्रत्येकाला सगळं पहिल्यापासून सांगायचं, आणि शेवटी ‘तुमची तक्रार बंद करण्यात आली आहे’ असा मेसेज. कोणी बंद केली, कशावरून? सर्व्हिस चार्जसाठी एका सरकारी कार्यालयात गेल्यावर खिडकीवरच्या बाईंनी सूचनांची छापील प्रत उलटी करून परत दिली आणि ‘आमच्याकडे असं काही आलेलं नाही’ म्हणाल्या. आवक शिक्का मारायलाही नकार. पोलिसांनी दिवाणी बाब म्हणून बाहेरूनच वाटेला लावलं. 542 रुपयांसाठी एवढं कशाला, हे तिन्ही ठिकाणी ऐकलं. प्रश्न 542 चा नाही, प्रत्येक टेबलवर दररोज तो लावला जातो त्याचा आहे. चोरी छोटी असली की तक्रारदारच हलका ठरवायचा, ही यंत्रणांची सवय संतापजनक आहे.

बँकेने 30 दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. ग्राहकांसाठी 1915 हा राष्ट्रीय क्रमांक आहे. ग्राहक आयोगात तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, हॉटेलच्या शहरात खेपा घालाव्या लागत नाहीत. सेवेसाठी मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, मुदत दोन वर्षं.

आणि पाटीवरच्या ताऱ्यांवर जाऊ नका. वर्गीकरण केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची समिती करते, ते ऐच्छिक असतं आणि पाच वर्षांसाठी असतं. ‘फाइव्ह स्टार’ म्हणवणाऱ्या हॉटेलाकडे ते प्रमाणपत्र आहे का आणि मुदतीत आहे का, हे बुकिंगआधी ईमेलवर विचारा.

आयोगाच्या तक्रारीला हे जोडलंय: व्हाउचर, अंतिम बिल, सेलची स्लिप, 20,000 अडकल्याचा बँकेचा मेसेज, आणि मागून घेतलेली रजिस्ट्रेशन कार्डाची प्रत. या प्रतीत दराचा रकाना भरलेला आहे. सही करताना तो कोरा होता, पण त्या वेळी कार्डाचा फोटो काढला नव्हता, त्यामुळे हे सिद्ध करता येत नाही.