उशिरा येणारं उत्तम जेवण की वेळेवर येणारं बरं जेवण?

बाहेर जेवायला जायचं ठरलं की हल्ली आमच्यापुढे हाच पेच असतो. एक रेस्टॉरंट नवं आहे. तिथलं जेवण इतकं चांगलं की घरी परतल्यावरही त्याच्याच गप्पा चालतात, पण ऑर्डर घ्यायलाही कोणी लवकर फिरकत नाही. दुसरं जुनं, मुरलेलं. जेवण बरं, नावं ठेवावीत असं काही नाही, आणि बसल्यापासून बिलापर्यंत कुठे खोळंबा म्हणून होत नाही. दोन्हीकडे आम्ही भरपूर जेवलो आहोत, त्यामुळे अशाच पेचात असलेल्यांना थोडा उपयोग व्हावा म्हणून लिहितो.

चवीवर फार बोलत नाही, त्यात नवं ठिकाण सरळ पुढे आहे. प्रश्न उशिराचा आहे, आणि सगळा उशीर एका जातीचा नसतो. किचनमध्ये पदार्थ व्हायला वेळ लागणं वेगळं आणि झालेला पदार्थ काउंटरवर पडून राहणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात चांगल्या स्वयंपाकाची माती होते. तळलेल्या पदार्थाच्या आतली वाफ बाहेर येत राहते आणि वरचं कुरकुरीत आवरण बघता बघता मऊ पडतं. सॉसवर साय धरते. म्हणून मी पहिल्या खेपेला एकच गोष्ट बघतो: उशिरा आलेली डिश वाफाळती आहे की कोमट. कोमट असेल तर त्या ठिकाणी पुन्हा जाण्यात अर्थ नाही, चव कितीही असो. आमच्या नव्या रेस्टॉरंटमध्ये पदार्थ उशिरा येतो, पण पहिला घास फुंकरूनच खावा लागतो.

म्हणजे उशीर किचनचा आहे, आणि नव्या जागी त्याचं कारण समजण्यासारखं असतं. मोठ्या किचनमध्ये एकच माणूस तुमची डिश पहिल्यापासून शेवटपर्यंत करत नाही. फ्रेंच शेफ ऑग्युस्त एस्कॉफिए यांनी १८९० च्या दशकात लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात कामाची जी विभागणी घट्ट बसवली, तीच थोड्याफार फरकाने आजही चालते. भाजणारे वेगळे, सॉस करणारे वेगळे, थंड पदार्थांचे वेगळे. हात एकमेकांना सरावलेले असले की सगळं एका वेळी तयार होतं. नव्या टीममध्ये एकाचं झालेलं असतं, दुसऱ्याचं व्हायचं असतं, आणि डिश बाहेर पडते ती सर्वांत मागे राहिलेल्याच्या वेगाने. हे सरावाने सुधारतं, निदान सुधारायला वाव तरी असतो. बेताची चव आपोआप सुधारल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

नव्या ठिकाणाची बाजू घेत असलो तरी एका गोष्टीचा त्रास मलाही होतो. तिथे कोणी काही सांगत नाही. व्यवस्थापनाचे अभ्यासक डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ मध्ये वाट पाहणाऱ्यांच्या मानसिकतेवर लिहिलं होतं. सेवा सुरू होण्याआधीचा वेळ नंतरच्या वेळेपेक्षा लांब वाटतो, आणि कारण न कळलेला उशीर कारण कळलेल्या उशिरापेक्षा जास्त टोचतो, ही त्यांची दोन निरीक्षणं इथे अगदी तंतोतंत पटतात. ऑर्डर दिल्यानंतरचा अर्धा तास गप्पांत जातो, पण मेन्यू मिटवून वेटरची वाट बघतानाची दहा मिनिटं संपता संपत नाहीत. ‘पाचच मिनिटं’ हे उत्तर तर सगळ्यांत वाईट. त्यापेक्षा नेमकं कशासाठी थांबलंय, असं मी विचारतो. बहुतेक वेळा प्रामाणिक उत्तर मिळतं आणि टेबलावरचा वैताग निम्मा होतो.

जुन्या ठिकाणी हे काहीच होत नाही. तरी माझा कौल फिरला तो तिथेच.

आई सावकाश जेवते. आम्ही चौघं बसलो होतो, आमच्या तिघांच्या प्लेट रिकाम्या झाल्या आणि वेटरने तत्परतेने उचलल्या. टेबलावर एकटी आईची प्लेट उरली, अर्धी भरलेली. तिने एकदा आमच्याकडे पाहिलं, एकदा प्लेटकडे, आणि चमचा खाली ठेवून म्हणाली, “माझंही झालंच.” झालेलं नव्हतं. आग्रह केला तरी तिने पुन्हा चमचा उचलला नाही. नंतर लक्ष ठेवलं तर तिथे प्रत्येक वेळी हेच घडतं. स्टार्टरचे दोन घास उरलेले असताना मेन कोर्स येऊन ठेपतो, मग जागा करण्यासाठी “हे नेऊ का?” सुरू होतं आणि माणूस नाइलाजाने हो म्हणतो. सगळ्यांचं खाऊन झाल्याशिवाय कोणाचीच प्लेट उचलायची नाही, हा चांगल्या वाढपाचा जुना नियम आहे. तिथे वेगापायी तो सुटला आहे. वेटरना दोष देणार नाही. दाराशी माणसं उभी असतात आणि टेबल लवकर मोकळं व्हावं ही मालकाची गरज असते. पण आई ज्या जेवणातून अर्धपोटी उठते, त्याला चांगली सर्व्हिस म्हणायला मन धजत नाही.

नव्या ठिकाणी आई शेवटच्या घासापर्यंत जेवते. दोन कोर्सच्या मध्ये वेळ मिळतो, तिच्या जुन्या गोष्टी निघतात, कोणी प्लेटवर नजर ठेवून उभं नसतं. त्यातला किती भाग मुद्दाम आणि किती अंगवळणी न पडलेल्या कामाचा, मला ठाऊक नाही, पण फायदा आमचाच होतो.

अर्थात काही वेळा जुनंच बरं. पुढे नाटकाची वेळ किंवा गाडी गाठायची असेल, सोबत लहान मुलं असतील, तर नव्याच्या वाटेला जाऊ नका. जेवणाआधी इन्सुलिन घेणारं कोणी असेल तर जास्तच जपा. इंजेक्शन घेऊन झालं आणि जेवण लांबलं तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. अशांनी डोस कधी घ्यायचा हे डॉक्टरांना विचारून ठेवलेलं चांगलं, आणि प्लेट समोर कधी येईल याचा भरवसा नसेल तिथे न गेलेलं उत्तम.

बाकी कुणी विचारलं तर मी नव्याचंच नाव सुचवेन, फक्त गर्दीच्या आधी जा असं सांगेन. सगळी टेबलं एकदम भरली की सगळ्या ऑर्डरी एकाच वेळी किचनवर आदळतात, आणि नवी टीम तिथेच अडखळते. ऑर्डर देतानाच कोणते पदार्थ एकत्र हवेत आणि कोणते मागाहून, हे स्पष्ट सांगा. शेवटचं गोड मागवाल तेव्हाच बिलही मागून ठेवा. ते आणायला तिथे खरंच फार वेळ लावतात.