डिपॉझिट मागायला गेले, तर घरमालकच बदलला

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात नोकरीसाठी दोन खोल्या घेतल्या. डिपॉझिट पंधरा हजार. दहा फोनपेवर, पाच रोख. "माह्या फोनात ते चालत नाई सिस्टर, जवायाच्या नंबरवर टाका, पैसे घरचे घरातच येते," असं घरमालक काकाजी म्हणाले. पावतीचं नाव काढलं तर काकू रुसल्या. आपल्याकडे पावती मागणं म्हणजे माणसाला चोर म्हणणं, आणि फसवणाऱ्याला हे बरोबर ठाऊक असतं.

बदली झाली, किल्ली दिली. आधी "कापूस इकला का देतो". कापूस गेला, मग कूलर निघाला. कूलरच्या पाण्यानं भिंत फुगली म्हणे, प्लास्टरला आठ हजार लागतील. ती भिंत मी सामान उतरवलं त्याच दिवशी फुगलेली होती, पोपड्यांवर नुसता निळा चुना फासलेला. तेव्हाच बहिणीला व्हॉट्सअपवर फोटो पाठवले होते, तारखेसकट. ते दाखवले तर तिसरंच: "आता हे घर धाकल्याच्या हिश्शात गेलं, त्यालेच मांगा." धाकटा म्हणतो, "म्या तं पैसे पायलेच नाई."

गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. ग्रामपंचायतीतून नमुना आठचा उतारा काढला. घर अजून काकाजींच्या वारलेल्या वडिलांच्याच नावावर, वाटणीची नोंदच नाही! खोली घेण्याआधी हा उतारा जरूर बघा.

पोलिसांनी 'दिवाणी मामला' म्हणून परत पाठवलं. मग तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीत अर्ज दिला. दावा न लावताही प्रकरण लोकअदालतीत ठेवता येतं, कोर्ट फी लागत नाही, आणि बाईमाणसाला वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो.

नोटीस गेली तसे काकाजी जावयाला घेऊन हजर. पैसे टाकताना मी मेसेजमध्ये 'खोलीचे डिपॉझिट' लिहिलं होतं. जावयानं तो मेसेज कधी उघडलाच नव्हता. तुझ्याकडून घेतलेली उसनवारी फिटली, असं सासऱ्यानं त्याला सांगितलेलं. स्क्रीनशॉट वाचून तो सासऱ्याकडेच बघत राहिला.

रोखीच्या पाच हजारांवर पाणी सोडलं. दहा द्यायचं ठरलं. निम्मे तिथंच मिळाले, बाकीचे सोयाबीन विकल्यावर. मात्र तडजोडीत तारीख घालून घेतली आहे. लोकअदालतीचा निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो, त्यावर अपीलही नाही. तारीख टळली की दरखास्त, म्हणजे निवाड्याच्या वसुलीचा अर्ज, लावणार, वकीलबाईंनी कागद तयारच ठेवलेत.