खाली बसवलेल्या झेनॉनवर आखूड शॉकअप : उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

पिकअप खाली बसवली की शॉकअपचा ब्रँड सगळ्यात शेवटी बघायचा. आधी लांबी, मग परतीचा जोर (दबलेला शॉकअप पुन्हा उघडताना किती रोखून धरतो ते), मग तेल-गॅस, आणि त्यानंतर डब्यावर कोणाचं नाव छापलंय ते. जळगाव-धुळे पट्ट्यात एक कडक उन्हाळा आणि एक पावसाळा गाडी रेटल्यावर माझं हे मत झालंय. दुकानात मात्र सगळे उलट्या टोकाकडून सुरुवात करतात.

गाडी जुनी टाटा झेनॉन एक्सटी, २.२ डायकॉर डिझेल. पुढे डबल विशबोन (चाक धरणारे वर-खाली दोन हात) आणि टॉर्शन बार (पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारा गज), मागे कमानपाटे. मूळ उंचीवर ती वळणात डुलते आणि हौदा रिकामा असला की स्पीडब्रेकरवर मागून उड्या मारते. मला ती रस्त्याला धरून चालणारी हवी होती. पुढे टॉर्शन बारचे बोल्ट सोडून साधारण ५० मिमी उतरवली, मागे कमानपाटेवाल्याकडे पाट्यांची कमान कमी करून ६५ मिमी. अजून खाली आणायला अ‍ॅक्सल पाट्यांच्या वर घेणं, चेसीला खाच मारणं असलं काही केलेलं नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल, दोन्ही गाडीच्या मूळ तपशिलापासून फारकत घेणाऱ्या बदलांच्या विरोधात आहेत. त्यामुळे पान्याला हात लावण्याआधी आरटीओ आणि विमावाला, दोघांनाही विचारून घ्या.

पाट्यांबद्दल एक गोष्ट कोणी सांगत नाही. कमान सपाट झाली की पाटा लांबतो आणि मागचा शॅकल (पाट्याचं टोक चेसीला जोडणारी हलती कडी) मागे कलतो. जास्त उतरवली तर शॅकल चेसीला जाऊन टेकतो, आणि मग तुम्ही कितीही भारी शॉकअप लावा, मागचं चाक दगडासारखं आपटणारच. कमानपाटेवाल्याला नुसतं ‘अडीच इंच खाली’ म्हणू नका, शॅकलचा कोन दाखवून काम करून घ्या.

आता लांबी. शॉकअपच्या वरच्या बुशच्या (टोकाच्या रबराच्या) मध्यापासून खालच्या बुशच्या मध्यापर्यंत टेप धरायचा, गाडी चाकांवर उभी असताना. माझा मूळचा मागचा शॉकअप पूर्ण उघडा ५०० मिमी आणि पूर्ण मिटलेला ३१० मिमी. गाडी मूळ उंचीवर होती तेव्हा हे माप ४०० च्या आसपास यायचं, म्हणजे दबायला ९० मिमी जागा. गाडी उतरवल्यावर तेच माप ३४१ झालं. उरले फक्त ३१ मिमी. त्यात बंप स्टॉपचं (चाक फार वर आलं की ज्यावर आपटतं ते) रबर मूळच्याच उंचीचं, त्यामुळे छोट्या खड्ड्यातसुद्धा मागे ‘धाड’. लोक याला ‘शॉकअप गेले’ म्हणतात. शॉकअप ठणठणीत असतात हो, त्यांना फक्त हलायला जागा नसते.

इथल्या एका गॅरेजने यावर सुचवलेला उपाय म्हणजे दुसऱ्या गाडीचे आखूड ट्विन ट्यूब (नळीत नळी असलेले) शॉकअप आणून खालचा आय (बुश बसतो ती कडी) वेल्ड करून देणं. वेल्डिंगची धग डब्याच्या तळाला लागली, तिथल्या व्हॉल्व्हचं काय झालं देव जाणे, पण पंधरवड्यात एका बाजूने तेल पाझरायला लागलं. गॅरेजचं नाव घेत नाही. त्यांचं बाकीचं काम चांगलं आहे.

शेवटी घेतले ते खोलून पुन्हा बांधता येणारे मोनोट्यूब : उघडे ४००, मिटलेले २७०. गाडी उभी असताना दबायला ७१ मिमी आणि सुटायला ५९. एकूण प्रवास मूळच्यापेक्षा कमी, पण लागतो तिथे. मोनोट्यूबची अडचण इथेच कळते. एकाच नळीत आधी तेल, मग तरंगता पिस्टन, त्याच्या पलीकडे दाबातला नायट्रोजन. एवढं सगळं एका रांगेत बसवायचं म्हणजे प्रवासाच्या मानाने शॉकअपची मिटलेली लांबी जास्तच राहते. खूप खाली बसवलेल्या गाडीला म्हणून वेगळी टाकी असलेले घ्यावे लागतात. माझ्या उंचीला त्याची गरज पडली नाही.

फायदा उन्हाळ्यात दिसला. शॉकअप उसळीची ताकद तेलात उष्णता करून जिरवतो. ट्विन ट्यूबमध्ये ती उष्णता आतली नळी, मग बाहेरची नळी असा वळसा घेऊन बाहेर पडते. मोनोट्यूबमध्ये तेलाची नळी थेट वाऱ्याला लागलेली. शिवाय तेल आणि गॅस वेगळे असल्याने फेस होत नाही. मे महिन्यात भुसावळकडे पारा पंचेचाळीसच्या घरात असतो, डांबर टायरला चिकटतं, तेव्हा जुने शॉकअप तासाभरात ढिले पडायचे. शिरपूरवरून सेंधव्याकडे बिजासन घाट चढून-उतरून आलो तरी हे नवे सकाळी जसे निघाले तसेच राहिले. नळीला मात्र हात लावू नका, चटका बसतो.

गॅसचा एक छोटा परिणाम मापात धरा. शॉकअपचा आत-बाहेर सरकणारा दांडा १४ मिमीचा आणि दाब १४ बार असेल तर दांडा सुमारे २२ किलोच्या जोराने कायम बाहेर ढकलला जातो. दोन शॉकअप, दोन ढकलण्या. मागची उंची नखभर वाढते.

तिरकेपणाचं गणित त्याहून महत्त्वाचं. शॉकअप उभ्यापासून २५ अंश कललेला असेल तर चाकाला त्याचा उपयोग साधारण ८२ टक्के होतो, ३० अंशांवर ७५, आणि ४५ अंशांवर निम्मा. गाडी खाली आली की शॉकअप अजून आडवा होतो. म्हणजे तोच शॉकअप आपोआप मऊ पडतो. वरचा ब्रॅकेट थोडा बाहेर सरकवता आला तर व्हॉल्व्हिंग (आतल्या तेलाच्या वाटांची जुळणी) कडक करायला पैसे कमी लागतात.

आता परतीचा जोर, आणि इथे आपली काळी माती येते. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावरचा डांबरी रस्ता वर्षा-दोन वर्षांत लाटालाटांचा होतो. चोपडा, यावल, रावेरकडचे कितीतरी रस्ते लांबून गुळगुळीत दिसतात आणि ऐंशीच्या वेगाला गाडी होडी करतात. खड्ड्याच्या कडेवर दांडा झपाट्याने आत जातो. या लाटांवर तो हळू सरकतो, गाडी कितीही वेगात असो. दोन्ही ठिकाणी तेलाच्या वाटा वेगळ्या. पिस्टनवर पातळ चकत्यांची थप्पी असते, ती वाकली की तेल जातं. लाटांना रोखायचं तर हळू हालचालीची वाट अरुंद हवी, खड्ड्याला मात्र थप्पी पटकन उघडायला हवी.

पुण्यात रॅलीच्या गाड्यांचं काम करणाऱ्या एकाने पहिल्यांदा जे व्हॉल्व्हिंग दिलं त्यात परतीचा जोर फार होता. महामार्गावर मस्त. पण पारोळा ते अमळनेर या वाटेवर लागोपाठ लाटा आल्या की मागचं टोक प्रत्येक लाटेला थोडं खाली जायचं आणि वर यायला वेळच मिळायचा नाही. चौथ्या-पाचव्या लाटेला बंप स्टॉप. तिथल्या चहावाल्याने गाडीकडे बघत विचारलंही, “काय व्हयनं भो, गाडी बठी गई का?” त्याला उंचीबद्दल बोलायचं होतं, पण निदान बरोबर होतं. ऐकायला विचित्र वाटेल, पण बसवलेली गाडी आपटते म्हणून शॉकअप अजून कडक करायला जाऊ नका. परतीच्या बाजूच्या दोन चकत्या काढून घेतल्या आणि आपटणं थांबलं.

हे नुसत्या अंगाच्या अंदाजावर ठरवलं नाही. दांडा उघडा असेल तर त्यावर प्लास्टिकचा टाय बांधा, जरा घट्ट, नळीच्या तोंडाशी सरकवा आणि नेहमीच्या रस्त्याने फिरून या. टाय जिथे थांबलेला दिसेल तिथपर्यंत शॉकअप दबलेला. माझा टाय आधी दांड्याच्या टोकाला जाऊन तुटायचा. बदलानंतर बोटभर जागा ठेवून थांबतो. धूळ बसलेल्या दांड्यावर त्याची रेघही स्वच्छ दिसते. पन्नास पैशांचं मोजमाप, पण कुठल्याही गॅरेजवाल्याच्या ‘भाऊ, एकदम झक्कास’पेक्षा खरं.

बोजाचं काय? कमान उतरवल्यावर भरपूर वजन विसरायचं. अमेरिकेत जीएमसीने १९९१ मध्ये सायक्लोन काढली, ४.३ लिटर टर्बो, २८० एचपी, कारखान्यातूनच खाली बसवलेली. तिच्यावर वजन टाकायची मर्यादा होती ५०० पौंड, म्हणजे सव्वादोनशे किलो. पिकअप म्हणून घेतली आणि पोती टाकता येत नाहीत. मी ठिबकच्या नळ्यांची वेटोळी आणि एखादा मोटारपंप टाकतो, तेवढं ठीक. केळीचे घड भरायचे असतील तर हा लेख इथेच सोडा आणि गाडी आहे त्या उंचीला ठेवा.

ब्रेककडे लक्ष द्या. मागच्या ब्रेकला लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह (मागची उंची बघून ब्रेकचा दाब ठरवणारा) असेल तर मागचं टोक खाली आल्यावर त्याला वाटतं हौदा भरलाय, आणि तो मागे जास्त दाब सोडतो. रिकाम्या गाडीत ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी जाम होतात. त्याची दांडी नव्या उंचीला जुळवून घेतल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका.

पुढचं प्रकरण सोपं निघालं. टॉर्शन बार असल्याने शॉकअप स्प्रिंगपासून सुटा, मापाचा आखूड मिळाला की झालं. बंप स्टॉप निम्मा कापला आणि अलाइनमेंट करून घेतलं. नाहीतर कॅम्बर-टो (चाकाचा उभा कल आणि समोरची दिशा) बिघडून टायर आतून खातो.

तक्रारी आहेत. मोनोट्यूब हळू वेगात खडखडीत वाटतात, जळगावच्या गल्लीबोळात घरचे मंडळी रोज टोमणा मारतात. जोडीची किंमत पाच आकडी, आणि सील बदलून नायट्रोजन भरायला गाडी नाही तरी शॉकअप पुण्याला पाठवावेच लागतात. मागचा एक बुश लवकर फाटला, कारण फिटरने चाकं लटकत असतानाच बोल्ट आवळले होते. रबरी बुशचे बोल्ट गाडी जमिनीवर उतरवूनच आवळायचे, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं. नवे बुश तसेच बसवून घेतलेत, आता कपाशीच्या हंगामात ट्रॅक्टरांनी उखडलेल्या रस्त्यांवर किती टिकतात ते बघून पुढे लिहीन.